डायक्स्ट्राची रीत वहीवर शिकवायची की मशीनवर?

खाडीकाठचा मास्तर (दापोली)
संध्याकाळी बारा-चौदा पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. पहिले दोन महिने मशीनला हात लावू देत नाही, सगळं वहीवर. परवा एका पालकांनी फी परत मागितली. "कॉम्प्युटरच्या क्लासला घातलंय, चित्रकलेच्या नाही!" म्हणून हा धागा.

माझं दैवत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा, जन्म रॉटरडॅम, १९३०. १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत त्याने धंदा 'प्रोग्रॅमर' सांगितला, तर असा धंदाच नसतो म्हणून ॲम्स्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी तो लिहून घेतला नाही. १९७२ला त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला, संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा. तेराशेच्या वर टिपणं त्याने लिहिली, बरीचशी शाईच्या पेनाने, आणि झेरॉक्स काढून मित्रांना धाडली.

गेल्या आठवड्यात त्याची जवळच्या वाटेची रीत फळ्यावर घेतली. दापोलीहून गुहागरला जायचंय. एक वाट खेड-चिपळूणवरून वळसा घालून, दुसरी दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून. पोरांनी प्रत्येक टप्प्याला मिनिटं लिहिली. मग हिशोब एवढाच: अजून पक्क्या न झालेल्या गावांतलं सर्वांत जवळचं गाव पक्कं करायचं, तिथून पुढच्या गावांचे आकडे कमी होतात का बघायचं, पुन्हा तेच. एकदा पक्कं झालेलं गाव परत उघडावं लागत नाही, कारण कुठलाच टप्पा शून्याच्या खाली नाही. हे 'का' मशीनसमोर बसून कुणी विचारत नाही.

चिपळूणकर ७०
मास्तर, अर्धीच गोष्ट सांगितलीत. ही रीत १९५६ला सुचली ती आर्माक नावाचं नवं मशीन लोकांना दाखवायचं होतं म्हणून. हॉलंडची ६४ शहरं घेतली होती, कारण ६ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या सहा घरांत, तेवढीच मावतात. म्हणजे मशीन आधी होतं!

आणि तुमच्या दैवताने १९७५ला लिहून ठेवलंय की बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलेली पोरं कायमची वाया गेलेली असतात. १९८४च्या सरकारी योजनेत आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो हा कॉम्प्युटर आला, दहा मिनिटांच्या पाळीसाठी आम्ही भांडायचो. बेसिकच शिकलो. त्यावर तीस वर्षं पोट भरलं. मोठा माणूस खरा, पण जिभेला हाड नव्हतं.

मालवणी झिलाची आवस
माझो झील मोबाईल हातात असल्याशिवाय इचारच करणा नाय. तुमच्या क्लासाक घालूचो काय? फी किती ता सांगा.

खाडीकाठचा मास्तर
@चिपळूणकर, मशीनसाठी सुचली हे कबूल. पण सुचली कुठे? ॲम्स्टरडॅमच्या कॅफेच्या गच्चीवर, होणाऱ्या बायकोबरोबर कॉफी पिताना, वीस मिनिटांत. हातात कागदसुद्धा नव्हता. नंतर तो म्हणायचा की कागद-पेन्सिल नसली की टाळता येण्याजोगी गुंतागुंत टाळावीच लागते. बेसिकबद्दल त्याने मर्यादा सोडली, त्याचं समर्थन नाही करत.

चिपळूणकर ७०
मग वहीही काढून घ्या पोरांची. :) तो डायक्स्ट्रा होता हो! माझ्या भाच्याला चुका करून, मशीनने दाखवलेली चुकांची लाल अक्षरं बघूनच कळतं. आणि पुण्यातल्या इंटरव्ह्यूत समोर लॅपटॉप ठेवतात, तिथे वही काढून दाखवणार का?

धोपाव्याची
मी त्या बोटीने रोज कॉलेजला जाते, म्हणून विचारते. तुमच्या पोरांनी बोटीला किती मिनिटं लिहिली? पंधरा असतील तर चूक. डोळ्यांदेखत बोट सुटली की पुढची येईपर्यंत जेटीवर बसायचं. म्हणजे हा आकडा मी दाभोळला कधी पोचते त्यावर बदलतो. मग पक्कं गाव पक्कं कसं?

खाडीकाठचा मास्तर
अरे वा! थांबण्याचा वेळ टप्प्यात धरायचा, आणि गावाला पोचण्याची वेळ हाच आकडा ठेवायचा. उशिरा पोचून कुणी लवकर पलीकडे जात नसेल, तर रीत तशीच चालते. बोट रांगेतल्यांना मागे टाकून उशिरा आलेल्याला आधी नेत नाही ना?

धोपाव्याची
ओळखीतल्या गाडीला नेते कधीकधी.

चिपळूणकर ७०
झालं! डायक्स्ट्रा दाभोळच्या जेटीवर बुडाला.

खाडीकाठचा मास्तर
रविवारी पोरांना हाच प्रश्न घालतो. आधी वहीवर, आणि बरं, चिपळूणकरांच्या आग्रहाखातर नंतर मशीनवरही. बोटीचं पावसाळी वेळापत्रक कुणाकडे असेल तर टाका.