मुलांचं खाणंपिणं आणि घरगुती उपाय: तुमचे अनुभव लिहा

गोधडी: आज कपाट आवरताना लेकीची दुधाची बाटली सापडली आणि पोटात कालवलं. दीड वर्षाची होती. जेवायला तोंड फिरवायची म्हणून मी दूधच द्यायचे, दिवसाला सहज लिटरभर. रंग फिका पडत गेला, तो रोज बघणाऱ्या मला दिसलाच नाही. एक दिवस भिंतीचा पोपडा नखाने काढून खाताना सापडली आणि मी तिच्यावरच ओरडले. ते अजून सलतं. हिमोग्लोबिन फारच कमी, ७.२ निघालं; अंगात लोह कमी पडलं म्हणून ती भिंत खात होती. डॉक्टरांनी आधी विचारलं, दूध किती पिते? दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि दुधानेच पोट भरलं की पोर बाकीचं खाणार कधी? लोहाचं औषध सुरू झालं, दूध अर्ध्या लिटरच्या आत आणलं. तुमच्याकडे काय काय झालं?

सांजवात: आमच्याकडे खडू! तिथेही लोहच कमी. आता पालेभाजीवर लिंबू पिळतेच, क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं.

दोन पिल्लं: मधाचं सांगते. धाकटा ८ महिन्यांचा, खोकून बेजार. सासूबाई चमचा घेऊन आल्याच होत्या, नणंदेने हात धरला. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोट्युलिझमच्या (बाळाचे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार) जंतूंचे बीजाणू असू शकतात त्यात. सासूबाईंना फार लागलं ते. प्रेमानेच आणला होता ना त्यांनी. वर्षानंतर मात्र झोपताना अर्धा चमचा दिला की रात्र बरी जायची.

माळरान: वाफ देऊ नका कुणी लहानांना. पातेलं लेकाच्या मांडीवर कलंडलं. सर्दी चार दिवसांत गेली, डाग आहे अजून.

सांजवात: अगं आई गं. किती वर्षांचा होता?

माळरान: ४. आता ११ चा आहे, फुटबॉल खेळतो. नाक चोंदलं तर सलाईनचे थेंब घालते फक्त.

अबोली: जुलाबात मीठ-साखरेच्या पाण्याने तारलं आम्हाला. १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. चमच्या-चमच्याने पाजलं, उलटी झाली की १० मिनिटं थांबून पुन्हा. डॉक्टरांनी झिंकही दिलं होतं. पोर सुस्त झालं, लघवी कमी झाली तर घरी बसू नका.

दोन पिल्लं: @अबोली, तुझी परीक्षा झाली का गं?

अबोली: एक पेपर राहिलाय ताई, सोमवारी.

सांजवात: @गोधडी, बाटली सोडवली कशी? माझी भाची हटूनच बसलीये.

गोधडी: कपात द्यायला लागले, तेही जेवणानंतर. चार दिवस नुसती रडली, मीही रडले. पाचव्या दिवशी माझ्या ताटातला बटाटा उचलला, वास घेतला, परत ठेवला. मी काही बोलले नाही. मग पुन्हा उचलला आणि खाल्ला.