प्रश्न ७ आणि सी विंगचा एक मार्क

सेक्रेटरी: मराठी भाषा गौरव दिनाची प्रश्नमंजुषा मस्त झाली. ए विंग १४, सी विंग १३, बी विंग ९. समोसे उरलेत, ऑफिसातून घेऊन जा.

सी-३०२ काकू: निकाल मान्य नाही. प्रश्न ७ पुन्हा तपासा. 'कुसुमाग्रजांचे मूळ नाव काय?' आम्ही लिहिलं, गजानन रंगनाथ शिरवाडकर. लाल फुली!

ए-१०१: काकू, विष्णू वामन शिरवाडकर. शाळेतलं पोरगंही सांगेल 😀

सी-३०२ काकू: शाळेतलं पोरगं अर्धंच सांगेल. जन्म १९१२ चा, पुण्याचा, तेव्हा नाव गजानन. वडील रंगनाथ. पुढे काका वामनराव यांना दत्तक गेले, तेव्हा विष्णू वामन झाले. आता 'मूळ' म्हणजे आधीचं की नंतरचं, ते तुम्हीच ठरवा.

बी-४०४: म्हणजे कुसुम हे फूल नाही? मला आजवर वाटायचं फुलांचा काहीतरी संबंध असेल 🙈

सी-३०२ काकू: अगं, अग्रज म्हणजे थोरला भाऊ. कुसुम ही त्यांची धाकटी, एकुलती एक बहीण. गडकऱ्यांचंही तेच, भाऊ गोविंद म्हणून गोविंदाग्रज.

बी-४०४: मग आरती प्रभू कुणाच्या बहीण?

ए-१०१: 😂😂

सी-३०२ काकू: हसू नका. आरती प्रभू म्हणजे चिंतामण त्र्यंबक खानोलकर. 'ये रे घना' त्यांचंच. उलट विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा ही बाई कोण, म्हणून लोक हैराण!

सी-१०४: पार्किंगमध्ये पांढरी गाडी आडवी कुणी लावलीय? मला निघायचंय.

बी-२०१ सर: प्रश्न मी काढला होता. टोपणनावामागचं नाव विचारायचं होतं, 'मूळ' शब्द माझ्याकडून चुकला. काकूंचा मार्क द्या. जाता जाता सांगतो, यावर प्रश्न घालायचा राहूनच गेला: कुसुमाग्रजांचा कवितासंग्रह 'विशाखा' १९४२ साली छापला तो वि. स. खांडेकरांनी, पदरमोड करून. पुढे ज्ञानपीठ दोघांनाही, खांडेकरांना १९७४ चं आणि कुसुमाग्रजांना १९८७ चं. मला तर ही गोष्ट नावापेक्षा मोठी वाटते.

ए-१०१: सर, मग आमचं उत्तर चूक धरायचं का?

सी-३०२ काकू: मी तसं म्हटलेलं नाही. म्हणू का?

ए-१०१: नको नको. १४-१४ 🙏

सेक्रेटरी: ठीक, बरोबरी. ढाल सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे.

सी-१०४: गाडी!!

बी-४०४: ऑफिसात जाऊन आले. समोसे नाहीत.

सी-३०२ काकू: आमच्या विंगने सकाळीच नेले.