एनएचएसचं श्रेय युद्धाला का द्यायचं?

5 जुलै 1948 ला ब्रिटनमध्ये एनएचएस, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवा, सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले, गरीब-श्रीमंत एकाच तळघरात बसले आणि त्यातून सर्वांसाठी मोफत उपचार आले, असं नेहमी सांगितलं जातं. मला हे अजिबात मान्य नाही. लंडनमधला फिन्सबरी हा छोटा, गरीब, दाटीवाटीचा भाग बघा. तिथल्या नगरपालिकेचं आरोग्य केंद्र ऑक्टोबर 1938 मध्येच उघडलं होतं. क्षयरोग, दात, पाय, बाळंतिणी आणि तान्ही मुलं, शिवाय ढेकणांनी भरलेलं अंथरूण निर्जंतुक करायची सोय, सगळं एका छपराखाली. आरोग्य समितीचे अध्यक्ष होते पंजाबातून गेलेले डॉ. चुनीलाल कटियाल. त्याच वर्षी ते महापौर झाले. (1931 साली गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन भेटले ते यांच्याच घरी.) हे सगळं युद्धाआधीचं आहे, आणि करून दाखवलं ते एका नगरपालिकेनं.

प्रतिसाद: असहमत

फिन्सबरी म्हणजे इंग्लंड नव्हे. बाकी ठिकाणी काही रुग्णालयं देणग्यांवर तग धरून होती, तर नगरपालिकांच्या अनेक रुग्णालयांवर जुन्या गरीबखान्याचा शिक्का होता. युद्धकाळातल्या आपत्कालीन वैद्यकीय सेवेनं त्यांना पहिल्यांदा एका योजनेत आणलं, खाटांचे पैसे सरकारनं दिले. घटसर्पाचंच घ्या. लस आधीपासून होती, पण बहुतेक नगरपालिका ढिम्म. सरकारनं 1940 च्या अखेरीस लस मोफत पुरवून मोहीम हाती घेतली. युद्धापूर्वी घटसर्पानं वर्षाला सुमारे 3,000 मृत्यू व्हायचे, बहुतेक लहान मुलांचे. 1945 मध्ये ते हजाराच्या आत आले. ही मुलं वाचली ती कुणामुळे?

प्रतिसाद: धागाकर्ता

लस टोचली कुणी? नगरपालिकेच्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनीच. लंडनहून बाटल्या पाठवल्या म्हणून मूल वाचत नाही. दारोदार जाऊन आयांना समजावणारं माणूस लागतं.

आणि त्या आपत्कालीन सेवेची सुरुवात कशी झाली तेही सांगा. सप्टेंबर 1939 मध्ये हवाई हल्ल्यातल्या जखमींसाठी खाटा हव्यात म्हणून सुमारे 1 लाख 40 हजार रुग्णांना दोन-तीन दिवसांत घरी धाडलं. त्यात क्षयाचे रुग्णही होते. खोकत, थुंकीतून जंतू पसरवत ते बायकामुलांच्या खोलीत परतले. लंडनवरचा मोठा हल्ला मात्र वर्षभरानं, 7 सप्टेंबर 1940 ला झाला. 1940 आणि 1941 मध्ये क्षयाचे मृत्यू वाढले. इंग्लंड-वेल्समध्ये हजार जन्मांमागे बालमृत्यू 1939 मध्ये 51 होते, 1941 मध्ये 60 झाले. या मुलांचा हिशेब कुणी द्यायचा?

प्रतिसाद: आकडे पुरे सांगा

1941 वर थांबू नका. 1945 मध्ये बालमृत्यू 46 वर आले, म्हणजे युद्धापूर्वीपेक्षा कमी. जुलै 1940 पासून गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालच्या मुलांना रोज एक पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडं जास्त) दूध स्वस्तात किंवा फुकट मिळू लागलं. पुढच्या वर्षअखेरीस कॉड लिव्हर ऑइल आणि त्यानंतर संत्र्याचा रसही. हे कुठल्याही नगरपालिकेच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यासाठी देशभराचं दूध एका हाती यावं लागलं.

प्रतिसाद: धागाकर्ता

दुधाचा मुद्दा मान्य, तिथे केंद्र सरकारच हवं होतं. पण सरकारला स्वतःहून काय दाखवायचं नव्हतं तेही बघा. युद्धकाळात एका सरकारी भित्तिचित्रात फिन्सबरीचं केंद्र उद्याचं ब्रिटन म्हणून रंगवलं होतं, पुढ्यात पडक्या भिंतींमध्ये मुडदूस झालेला मुलगा. चर्चिलनी ते काढायला लावलं. असा मुलगा ब्रिटनमध्ये आहे, हेच त्यांना सोसलं नाही. फिन्सबरीतल्या माणसांनी मात्र त्याच मुलासाठी आधी इमारत बांधली होती.

प्रतिसाद: आपल्याकडचा धागा

वाद चालू द्या, पण कटियाल पुढे भारतात परतले आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) महामंडळाचे पहिले महासंचालक झाले, हे इथे यायलाच हवं. गिरणी-कारखान्यातल्या कामगारांना ईएसआयचा दवाखाना माहीत असतो, हे नाव माहीत नसतं. माझं मत धागाकर्त्याच्या बाजूनं: वॉर्डातला दवाखाना आधी उभा असेल, तरच संकटात सरकारी पैसा नेमका कुठे घालायचा ते कळतं.