संडूरच्या डोंगरात दोन दिवस पायी: पुण्याहून कसं जमवावं?

रानवाट_पुणे
हंपीला पुण्यातून खंडीभर लोक जातात, पण तिथून तासाभरावर असलेल्या संडूरच्या डोंगरांबद्दल मराठीत फारसं सापडत नाही. डिसेंबरात आम्ही चौघं जातोय. सिंहगड, राजगड-तोरणा नेहमीचे, त्यामुळे दिवसाला १५ किमी चालायला हरकत नाही. लोखंडाच्या खाणींचा भाग आहे, म्हणजे कुठे चालता येतं आणि कुठे नाही? आणि सह्याद्रीपेक्षा तयारी काय वेगळी करावी?

घाटवाट्या
मुंबई-होसपेटे एक्स्प्रेस पुण्याहून सोलापूर, विजयपुरा, गदग अशी जाते. सगळ्यात सोयीची तीच. वेळ मात्र तिकीट काढताना पाहून घ्या. गाडीने सोलापूरमार्गे साडेपाचशे किमीच्या आसपास पडतं. होसपेटेहून संडूर तीसेक किमी, एसटीसारख्या त्यांच्या सरकारी बस सतत असतात.

आधी नकाशा डोक्यात बसवा. संडूर गाव एका लांबट खोऱ्यात आहे, दोन्ही बाजूंना डोंगरांच्या भिंती. नारीहळ्ळ नावाचा ओढा या भिंती कापून जातो, आणि जिथे कापतो तिथल्या खिंडीला कानडीत 'गंडी' म्हणतात. पश्चिमेला ओबळगंडी, पूर्वेला भीमगंडी. पहिल्या दिवशी ओबळगंडी करा. अंतर कमी, चढ जवळजवळ नाही, पण दोन्ही अंगांना हेमॅटाइटचे (लोहखनिजाचा एक प्रकार) कडे आहेत आणि ऊन तिरपं असताना ते वांग्याच्या सालीसारखे जांभळे दिसतात. दुपारी बारानंतर तोच दगड नुसता तपकिरी दिसतो, म्हणून सकाळीच जा.

दुसऱ्या दिवशी कुमारस्वामीचं देऊळ. डोंगरावर आहे, गाडीरस्ता आहे, पण झाडी दाट आणि चढ सौम्य म्हणून पायी जाण्यात खरी मजा. शेजारचं पार्वतीचं देऊळ त्याहून जुनं, बदामी चालुक्यांच्या घडणीचं. ते वगळू नका.

रामगड (इंग्रजी कागदांतलं रामनदुर्ग) हजार मीटरच्या आसपास उंच. ब्रिटिशांनी आजारी सैनिकांसाठी तिथे थंड हवेचं ठाणं केलं होतं. त्याच दोन दिवसांत रामगडही कोंबायचा मोह होईल. नका करू. तिन्ही ठिकाणं घाईघाईत होतील आणि एकही नीट पाहून होणार नाही.

खडकवासलेकर
वरचं सगळं ठीक, पण पायाखालच्या दगडाबद्दल कोणी बोललं नाही. आपला बेसॉल्ट कोरडा असला की बूट धरून ठेवतो. इथल्या उतारांवर लोहखनिजाचे सुटे गोटे पसरलेले असतात. वाटाण्यापासून लिंबाएवढे, गुळगुळीत आणि जड. चढताना काही वाटत नाही, उतरताना छर्‍यांवर पाय ठेवल्यासारखं होतं. टाच रोवून उतरायची आपली सवय इथे दगा देते. गुडघे वाकवून, आखूड पावलं टाकत, पूर्ण तळवा टेकवून उतरा. काठी दोघांत एक तरी हवीच. पट्ट्यापट्ट्यांचा दगड दिसला (एक थर लाल, एक करडा) तर कडेला हात घालताना जपून, फुटलेली धार पात्यासारखी असते.

माथ्यावर पाण्याचा भरवसा धरू नका. गडावरची टाकी इथे नाहीत. डिसेंबरातही माणशी ३ लिटर, मार्चनंतर ४. एप्रिल-मेमध्ये बळ्ळारीच्या (संडूरचा जिल्हा) उन्हात जाऊच नये.

आणि कंपास. या खडकात मॅग्नेटाइट (चुंबकी लोहखनिज) असतं तिथे सुई फिरते, मोबाइलमधला कंपासही त्याला अपवाद नाही. उपग्रहावरून येणारं ठिकाण बरोबर असतं, बाण चुकतो. दहा पावलं चालून ठिपका कुठे सरकतो ते पाहा आणि त्यावरून दिशा ठरवा.

लालमाती
खाणींबद्दल जरा कडक लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बळ्ळारी भागातलं खाणकाम थांबवलं आणि २०१३ मध्ये सर्वांत गंभीर उल्लंघन केलेले परवाने रद्दच केले. त्यामुळे आज तिथे चालू आणि बंद अशा दोन्ही खाणी आहेत. फसवतात त्या बंद खाणी. उपग्रहाच्या चित्रात छान रुंद कच्चा रस्ता दिसतो, तो खाणीचा जुना वाहतूक रस्ता असतो आणि पुढे खाणीच्या कड्यावर संपतो. कडेची माती भरावाची, खालून पोकळ. काठावर उभं राहून फोटो काढायची जागाच नाही ती. डबक्यातलं हिरवं-निळं पाणी कितीही सुंदर दिसलं तरी उतरू नका, काठ थेट खोल जातो.

चालू खाणीत सुरुंग उडवताना साधारण ५०० मीटरचा पट्टा रिकामा करतात. भोंगा ऐकू आला तर मागे फिरा, 'जरा पुढे जाऊन बघू' नको. जंगल राखीव आहे, त्यामुळे मळलेली वाट सोडून आत जायचं असेल तर संडूरच्या वनखात्याच्या कचेरीत आधी विचारा. स्थानिक वाटाड्या घेतलात तर अर्धे प्रश्न मिटतात.

रानवाट_पुणे
भीमगंडी मग गाळू का? आणि अस्वलांचं काय?

घाटवाट्या
भीमगंडी गाळली तरी चालेल, नारीहळ्ळवरचं धरण पाहायचं असेल तर तारानगरच्या बाजूने जा. अस्वलं आहेत. पहाटे आणि तिन्हीसांजेला झाडीत शिरू नका, वाटेत बोलत चला. आवाज न करता अचानक समोर येणाऱ्या माणसावर अस्वल धावून जातं. त्यांना बघायचंच असेल तर परतीच्या वाटेवर कमलापूरजवळचं दरोजी अभयारण्य आहे, दुपारनंतर मनोऱ्यावरून दिसतात.

लालमाती
एक राहिलं. पांढरे कपडे नेऊ नका. लाल धूळ लागलीच तर घरी आल्यावर आधी कोरडी झटका, मग लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवा. क्लोरीनचं ब्लीच वापरलंत तर गंजाचा डाग आणखी पक्का होतो.

खडकवासलेकर
गावात शिवविलास राजवाड्याकडे चक्कर मारा. संडूर हे घोरपड्यांचं संस्थान, १९४९ मध्ये विलीन झालं.