स्कोअर 'ठेवायचा', 'लिहायचा' की 'मांडायचा'?

एडिसनकर:
मुलाच्या लिटल लीगच्या, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या, सामन्यांत यंदा स्कोअरची वही माझ्या गळ्यात पडली आहे. आईला फोनवर सांगितलं, "मी स्कोअर ठेवते." ती म्हणाली, "ठेवतेस कुठे?" तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मराठीत हिशेब ठेवतात, पाळत ठेवतात. स्कोअर ठेवतात का? 'गुणलेखन' माहीत आहे, पण मी लिहिते त्यात गुण फारच थोडे. परवा एका इनिंगमध्ये एकही धाव झाली नाही, तरी माझे पाच चौकोन गच्च भरले.

लेगबाय:
आम्ही मैदानावर "स्कोअर लिहायला बस रे" असंच म्हणायचो. दुखापत झालेला किंवा बारावा गडी बसायचा. गुणलेखक हा शब्द कबड्डी-खोखोत रुळलेला आहे, तिथे गुणच असतात म्हणून शोभतो. क्रिकेटचा 'धावफलक' म्हणजे फळा, वही नव्हे. आणि क्रिकेटच्या वहीतही नुसत्या धावा नसतातच. निर्धाव षटकाची सहा टिंबं जोडून एम काढायचा, त्यात बळी असेल तर डब्ल्यू. बेसबॉलमध्ये याहून निराळं काय?

एडिसनकर:
क्षेत्ररक्षकांच्या जागांना आकडे असतात. शर्टावरच्या नंबरांशी त्यांचा काही संबंध नाही. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे बसणारा) २, मग पहिला बेस (फलंदाजाने पळत गाठायचा टप्पा) ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला) ६ आणि बाहेरचे तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. वहीत '६-४-३' दिसलं की समजायचं, चेंडू शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसवाल्याकडे फेकला, त्याने पहिल्याकडे, आणि दोघे बाद. 'एफ८' म्हणजे मधल्या खेळाडूने झेल घेतला. फलंदाजाच्या प्रत्येक पाळीला एक चौकोन आणि त्यात बेसच्या मांडणीसारखा एक हिरा छापलेला असतो. फलंदाज जितके बेस पुढे सरकेल तितक्या त्याच्या बाजू गिरवायच्या आणि तो घरी, म्हणजे निघाला तिथे परत, पोचला की हिरा काळा करायचा. धावा म्हणजे फक्त ते काळे हिरे. बाकीचं सगळं कसं कसं घडलं त्याचं.

जुनी वही:
स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद झाला तर, के लिहितात ते सांगायचं राहिलं. ही खूण हेन्री चॅडविकची. जन्म इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, १८२४ चा. लहानपणीच ब्रुकलिनला आला आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. 'स्ट्रक' या शब्दातलं शेवटचं अक्षर त्याने घेतलं, लक्षात राहायला सोपं म्हणून. फलंदाज बॅट न फिरवता नुसता बघत राहिला आणि पंचाने तिसरा स्ट्राइक दिला, तर तोच के उलटा काढतात. १९८४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या ड्वाइट गुडनने पहिल्याच मोसमात २७६ स्ट्राइकआउट घेतले. तेव्हा शे स्टेडियममध्ये प्रेक्षक प्रत्येक बळीमागे एक के कठड्याला टांगायचे. वहीतली खूण गॅलरीत आली!

खतावणी:
माझे आजोबा अडत्याकडे दिवाणजी होते, म्हणून मला यात दुकानच दिसतं. तुमची वही ही रोजकीर्द आहे. व्यवहार जसा झाला, ज्या क्रमाने झाला, तसा लिहायचा. दुसऱ्या दिवशी पेपरात येतो तो बॉक्स स्कोअर म्हणजे खतावणी, प्रत्येक खेळाडूचं खातं वेगळं. तोही चॅडविकनेच घडवला. आणि गंमत म्हणजे बेसबॉलच्या नियमांत ताळासुद्धा आहे! एका संघाच्या फलंदाजीच्या अधिकृत पाळ्या, वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला बेस), अंगावर चेंडू लागून किंवा अडथळ्यामुळे मिळालेले बेस आणि सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढे सरकवणं) यांची बेरीज करा. दुसऱ्या बाजूला त्यांच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले गडी आणि समोरच्या संघाचे पुटआउट, म्हणजे त्याने बाद केलेले गडी. दोन्ही रकमा जुळल्याच पाहिजेत. सगळ्यांत सोपा ताळा ८ ऑक्टोबर १९५६ चा. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, न्यूयॉर्क यांकीजचा पिचर डॉन लार्सन याने ब्रुकलिन डॉजर्सच्या एकालाही बेसवर पोचू दिलं नाही. इकडे सत्तावीस पाळ्या, तिकडे सत्तावीस पुटआउट, बाकी शून्य. शेवटच्या चौकोनात उलटा के.
माझं मत 'सामना टिपणे'ला. जाणती माणसं 'स्कोअर मांडणे'ही म्हणतील, हिशेब मांडतात तसं.

लेगबाय:
टिपणारा निमूट असतो, इथे तसं नाही. फलंदाज बेसवर पोचला तो स्वतःच्या फटक्यावर की क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे, हे अधिकृत स्कोअरर ठरवतो. साधारण प्रयत्नात तो चेंडू अडवता आला असता का, हा त्याचा निकष. म्हणजे लेखक कमी, न्यायाधीश जास्त. आमच्या वहीत सोडलेल्या झेलाला रकानाच नव्हता. तो हिशेब संध्याकाळी चहाच्या टपरीवर व्हायचा.

अमरावतीकर:
थोडं अवांतर. आमच्याकडे शाळाशाळांत सॉफ्टबॉल चालतो, तिथे घरी आलेल्या प्रत्येक धावेला सर्रास 'होमरन' म्हणतात. बातमीतही 'पाच विरुद्ध दोन होमरनने विजय'. एडिसनकर ताई, ही बातमी तिकडच्या कुणाला वाचून दाखवू नका, सातही वेळा चेंडू कुंपणापार गेला असं वाटेल.

एडिसनकर:
'टिपणे' घेतलं. आईला सांगितलं, "मी सामना टिपते." ती म्हणाली, "हां, मग ठीक."
एक शब्द मात्र माझ्याकडून. यांकीजचे शॉर्टस्टॉप आणि नंतर समालोचक झालेले फिल रिझुटो आपल्या वहीत 'डब्ल्यूडब्ल्यू' लिहायचे, म्हणजे 'बघत नव्हतो'. कालच्या सामन्यात मी इथली उत्तरं वाचत बसले आणि चौथ्या इनिंगचे दोन चौकोन कोरे राहिले. त्यांत मी 'ल.न.' लिहिलंय. लक्ष नव्हतं.