मदत हवी आहे: लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) तपासात कंट्रोल (तुलनेसाठी घेतलेले, आजारी नसलेले लोक) कुठले घ्यायचे?

कळव्यात खाडीलगतच्या एका वस्तीत 3 आठवड्यांत तापाचे 9 रुग्ण. चौघांचा लेप्टो आयजीएम एलायझा (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह; डेंग्यू, मलेरिया सगळ्यांचे निगेटिव्ह. उरलेल्या पाचांचे रक्त तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच, म्हणजे प्रतिपिंडं दिसायच्या आधीच घेतले गेले, त्यामुळे आयजीएम निगेटिव्ह आले म्हणून त्यांना वगळता येत नाही. दोन आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन मॅट चाचणीसाठी (प्रतिपिंडं किती वाढली ते मोजून खात्री करणारी) पहिल्या नमुन्याच्या जोडीने पाठवणार आहे. पाण्यातून गेलेल्यांना डॉक्सीसायक्लिन सुरू केलंय, तो प्रश्न नाही.

अडचण वेगळीच. लागण झाल्यापासून ताप यायला साधारण 5 ते 14 दिवस, कधी 30ही लागतात, म्हणजे अख्ख्या महिन्याचं विचारावं लागतं. आणि या पावसात गुडघाभर पाण्यातून न गेलेला माणूस वस्तीत सापडणार कुठे? शेजारी कंट्रोल घेतले तर सगळ्यांचं उत्तर 'हो'च. माझा संशय उंदरांपेक्षा मागच्या म्हशींच्या तबेल्यावर आहे (चूकही असेल). 9 पैकी 6 जण तिथल्या नाल्याकाठून ये-जा करतात. हाताशी मी आणि दोन आशाताई, एवढंच बळ.

मग कंट्रोल वस्तीतलेच घेऊन पायाच्या जखमा, गमबूट, पाण्यात किती वेळ असं बारकाईने विचारू, की पलीकडच्या कोरड्या गल्लीतले घेऊ?