मदत हवी आहे: रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पद्मिनी सांभाळावी की अँबॅसेडर?

घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये राहील. दोन गाड्या समोर आहेत: १९८६ ची प्रीमियर पद्मिनी (१०८९ सीसी) आणि १९८४ ची अँबॅसेडर मार्क ४ (१४८९ सीसी पेट्रोल). महिन्यातून एकदा आंबा घाटाने कोल्हापूर. घाटात कोणती बरी, आणि खर्च कुठे जास्त?

प्रतिसाद १
चार माणसं आणि सामान असेल तर अँबॅसेडर. कमी आरपीएमलाही ओढते. पद्मिनी हलकी, वळणांवर सोपी, पेट्रोलही कमी पिते; पण भरलेली असली की घाटात खालच्या गिअरवर फिरवत ठेवावी लागते आणि तापते. तिच्या इंजिनाचा ब्लॉक (खालचा मुख्य भाग) बिडाचा, हेड (वरचं झाकण) ॲल्युमिनियमचं. रेडिएटरमध्ये विहिरीचं मचूळ पाणी ओतत राहिलं की हेड आतून खाल्लं जातं आणि दोघांमधलं गॅस्केट (सील) जातं. घेण्याआधी इंजिन गार असताना रेडिएटरची कॅप काढून सुरू करा. बुडबुडे थांबतच नसतील तर हेड उतरवावं लागेल. पुढे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, दर दोन वर्षांनी नवं.

प्रतिसाद २
इंजिन दोन्हींचं बांधून मिळतं, पत्र्याचं काय ते आधी बघा! दोन्हींना वेगळी चासी नाही, भार बॉडीच घेते. दारांखालचे पाट, पायाखालचा पत्रा आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे हँगर स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बघा. लोहचुंबक चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली असते. अँबॅसेडरला पुढे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत. त्यांची मागची टोकं जिथे बसतात तो तळाचा आडवा क्रॉस-मेंबर सडलेला असेल तर गाडी सोडून द्या. एक बाजू जॅकवर घेऊन दार उघडा-लावा. अडकलं तर बॉडी वाकतेय. ज्या गाडीचा तळ घट्ट, ती घ्या. पावसाळ्यात रबरी मॅट काढून ठेवा, पाटांची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा, तळ गोड्या पाण्याने धुवा.

प्रतिसाद ३
ब्रेक दोन्हींना ड्रमचे. उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारे) दमट हवेत आतून गंजतात, पिस्टन अडकतो, गाडी एका बाजूला ओढते. ब्रेक ऑइल दरवर्षी बदला. आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप व एसी पंपाचा (पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, फुगतो, म्हणून गाडी ताब्यात येताच ते इथेनॉल चालणारे बसवून घ्या. घाटात तापलेल्या इंजिनाशेजारी गळकं पेट्रोल नको.